शेतावर जनरेटर चालवताना: वेल्डिंग मशीन आणि पंप सुरक्षितपणे जोडण्याची रीत

कांदाचाळ, गोठा किंवा पोल्ट्रीची शेड उभारण्याचे काम बहुधा अशा जागी निघते जिथे महावितरणची जोडणी नसते. आणि जिथे ती असते तिथेही शेतीपंपाच्या फीडरला थ्री-फेज वीज पाळीने, ठरावीक तासच मिळते. मग वेल्डिंगसाठी, लोखंड कापण्यासाठी किंवा बोअरवेलचा पंप चालवण्यासाठी जनरेटर विकत वा भाड्याने आणला जातो. हे काम पहिल्यांदाच अंगावर घेणाऱ्यांसाठी हा लेख आहे. ३ ते १५ केव्हीएपर्यंतचे (केव्हीए हे जनरेटरच्या क्षमतेचे एकक, व्होल्ट गुणिले अँपिअर भागिले हजार), हाताने ढकलून किंवा ट्रॉलीवरून नेता येणारे पेट्रोल आणि डिझेल जनरेटर यात गृहीत धरले आहेत. घराच्या, गोठ्याच्या किंवा पंपघराच्या कायम वायरिंगला जनरेटर जोडणे हे परवानाधारक विद्युत कंत्राटदाराचे काम आहे; खाली जिथे जिथे पॅनेल उघडण्याचा प्रश्न येईल तिथे त्यालाच बोलवावे.

पायऱ्यांकडे वळण्यापूर्वी एक गोष्ट मनात पक्की बसायला हवी, कारण पुढचे जवळजवळ सगळे नियम तिच्यातूनच निघतात. जनरेटर म्हणजे महावितरणची लाईन नव्हे. गावातले रोहित्र ६३ किंवा १०० केव्हीएचे असते आणि त्याच्यामागे संपूर्ण वीजजाळे उभे असते. पंपाची मोटर सुरू होताना क्षणभर सहापट प्रवाह मागते, तो हे जाळे देते. दिवे जरा मंद होतात, इतकेच. कुठे शॉर्ट सर्किट झाले तर हेच जाळे शेकडो अँपिअर प्रवाह लोटते आणि त्यामुळे एमसीबी (जास्त प्रवाह गेला की आपोआप वीज तोडणारा स्विच) पडतो किंवा फ्यूज उडतो. ५ केव्हीएचा सिंगल-फेज जनरेटर मात्र पूर्ण भारावर जेमतेम २२ अँपिअर देऊ शकतो. त्यामुळे मोटर सुरू होताना त्याचा व्होल्टेज खाली बसतो, आणि शॉर्ट सर्किटच्या वेळी एमसीबी पाडण्याइतका प्रवाहही तो देईलच असे नाही. पहिली उणीव सगळ्यांच्या लक्षात येते, कारण यंत्र चालत नाही. दुसरी लक्षात येत नाही, कारण यंत्र चालत राहते. आणि माणसाच्या जिवावर बेतते ती हीच.

पहिली पायरी: भार कागदावर मांडावा

प्रत्येक यंत्रावरची नेमप्लेट वाचावी आणि किलोवॅट, अँपिअर, व्होल्टेज आणि फेज यांची नोंद करावी. मोटरवर अश्वशक्ती लिहिलेली असेल तर १ एचपी म्हणजे ७४६ वॅट हे लक्षात ठेवावे. पण तो आकडा मोटरच्या दांड्यावर मिळणाऱ्या शक्तीचा असतो, जनरेटरकडून ओढली जाणारी शक्ती त्याहून जास्त असते. जनरेटरच्या प्लेटवरही बहुतेक वेळा दोन आकडे असतात, एक कमाल क्षमतेचा आणि दुसरा सतत चालवण्याच्या क्षमतेचा. हिशेब नेहमी दुसऱ्या आकड्यावर करावा, आणि सततचा भार त्याच्याही ७० ते ८० टक्क्यांपलीकडे नेऊ नये. विक्रेता मोठा आकडा ठळक सांगतो, म्हणून प्लेट स्वतः वाचणे बरे.

वेल्डिंगचे उदाहरण घेऊ. आजकाल शेडच्या कामावर बहुतेक ठिकाणी २०० अँपिअरचे इन्व्हर्टर वेल्डिंग मशीन दिसते. ‘२०० अँपिअर’ हा आकडा रॉडकडे जाणाऱ्या प्रवाहाचा आहे, जनरेटरवरच्या प्रवाहाचा नाही. दहा नंबरचा, म्हणजे ३.१५ मिमीचा रॉड साधारण ११० अँपिअरवर जळतो आणि त्या वेळी आर्कचा व्होल्टेज २४ च्या आसपास असतो. यांचा गुणाकार सुमारे २.७ किलोवॅट होतो. मशीनमधली तूट धरली की जनरेटरकडून ३.२ किलोवॅट ओढले जातात, आणि साध्या इन्व्हर्टर मशीनचा पॉवर फॅक्टर (किलोवॅट भागिले केव्हीए) ०.७ च्या आसपास असल्यामुळे हाच भार सुमारे ४.५ केव्हीए, म्हणजे २० अँपिअर होतो. ५ केव्हीएच्या जनरेटरची सारी ताकद एकटा दहा नंबरचा रॉड खाऊन टाकतो, तो असा. बारा नंबरचा २.५ मिमीचा रॉड ७५ अँपिअरवर वापरला तर भार ३ केव्हीएच्या आत राहतो. आठ नंबरचा ४ मिमीचा रॉड १५५ अँपिअरवर वापरला तर तो ७ केव्हीएजवळ पोहोचतो. म्हणून पातळ पाईप आणि अँगलच्या कामाला ५ केव्हीए चालेल, दिवसभर दहा नंबर जाळायचा असेल तर ७.५ केव्हीए घ्यावा, आणि जाड कॉलमच्या कामाला त्याहून मोठा. जुन्या पद्धतीचे ट्रान्सफॉर्मर असलेले, दोन फेजवर चालणारे मशीन असेल तर पॉवर फॅक्टर आणखी वाईट असतो आणि सगळा भार दोनच फेजवर पडून जनरेटर असंतुलित होतो. माझ्या मते असे मशीन छोट्या जनरेटरवर लावूच नये.

आता पंप. ५ एचपीची थ्री-फेज मोटर चालू स्थितीत साधारण ५.५ केव्हीए, म्हणजे प्रत्येक फेजमधून साडेसात-आठ अँपिअर घेते. सबमर्सिबल असेल तर जरा जास्त. एवढे पाहून कोणी ७.५ केव्हीएचा जनरेटर आणतो आणि मग पंप नुसता गुणगुणतो, फिरत नाही. मोटरला थेट पूर्ण व्होल्टेज देणाऱ्या डायरेक्ट ऑनलाईन स्टार्टरवर सुरू होताना ही मोटर सहापट प्रवाह, म्हणजे ३० केव्हीएच्या वर मागते. चांगल्या एव्हीआरचा (व्होल्टेज आपोआप स्थिर ठेवणाऱ्या यंत्रणेचा) अल्टरनेटर, म्हणजे जनरेटरमधला वीज तयार करणारा भाग, काही क्षण आपल्या क्षमतेच्या दुप्पट-अडीचपट भार झेलतो, पण तेव्हाही व्होल्टेज घसरतोच. आणि मोटरची फिरवण्याची ताकद व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात घटते. व्होल्टेज ७० टक्क्यांवर आला तर ताकद निम्म्यावर येते. त्यामुळे ५ एचपीच्या पंपासाठी १२.५ ते १५ केव्हीएचा थ्री-फेज जनरेटर धरणे योग्य. मोटर आधी कमी व्होल्टेजवर सुरू करणारा स्टार-डेल्टा स्टार्टर असेल तर सुरुवातीचा प्रवाह साधारण एक तृतीयांश होतो आणि कमी क्षमता पुरते, पण मोटरची सहा टोके बाहेर काढलेली असतील तरच तो लावता येतो.

चौदा इंची कटिंग मशीन सव्वादोन किलोवॅटच्या आसपास असते आणि सुरू होताना दोन-तीनपट झटका देते. लहान ग्राइंडर आणि ड्रिल यांचा प्रश्न येत नाही. कटिंग आणि वेल्डिंग एकाच वेळी चालणार आहे का, हे मात्र आधीच ठरवावे. चालणार असेल तर दोन्हींची बेरीज करावी, नसेल तर तसे कामावरच्या सगळ्यांना स्पष्ट सांगावे.

जनरेटर फार मोठा घेणेही बरे नाही. डिझेल इंजिन दिवसभर तीस टक्क्यांहून कमी भारावर चालले तर इंधन पूर्ण जळत नाही आणि सायलेन्सरमधून काळे तेलकट थेंब पडू लागतात.

दुसरी पायरी: जागा

जनरेटर उघड्यावर, सपाट आणि कोरड्या जागी, वारा धूर दूर नेईल असा ठेवावा. इंजिनाच्या धुरातल्या कार्बन मोनॉक्साईडला रंग नसतो, वास नसतो, आणि तो श्वासावाटे गेला की माणसाला आधी डोके जड झाल्यासारखे वाटते, मग उभे राहणे जमत नाही. तीन बाजूंनी पत्रे लागलेली शेड ‘उघडी’ नसते. जिथे माणसे काम करतात किंवा झोपतात तिथल्या दारा-खिडक्यांपासून किमान ६ मीटर अंतर ठेवावे आणि सायलेन्सरचे तोंड विरुद्ध दिशेला करावे. पाऊस आला म्हणून जनरेटर आत ढकलायचा नाही. त्यावर चारही बाजूंनी मोकळे, उंच छप्पर करावे किंवा काम थांबवावे.

शेतावर आणखी एक धोका असतो. कडब्याची गंजी, पाचट, वाळलेले गवत आणि गोणपाटे यांच्यापासून जनरेटर आणि वेल्डिंगची जागा दोन्ही लांब हव्यात. डिझेल-पेट्रोलचे कॅन वेगळ्या सावलीत, ठिणग्या पोहोचणार नाहीत असे ठेवावेत आणि कोरड्या रासायनिक पावडरचे अग्निशामक नळकांडे हाताशी असावे. वीज आणि तेलाच्या आगीवर पाणी मारायचे नसते.

तिसरी पायरी: अर्थिंग आणि न्यूट्रल

ही पायरी सगळ्यात जास्त टाळली जाते, म्हणून इथे सविस्तर लिहितो.

जनरेटरच्या सांगाड्यावर अर्थिंगचा बोल्ट असतो. तिथून तांब्याची किमान ६ चौरस मिमीची तार लगने (तारेच्या टोकाला दाबून बसवायच्या धातूच्या कडीने) घट्ट कसून जमिनीत ठोकलेल्या जीआय (जस्ताचा मुलामा दिलेल्या लोखंडी) पाईपला किंवा सळईला जोडावी. कायमच्या अर्थिंगसाठी भारतीय मानकात ४० मिमी व्यासाचा आणि अडीच मीटर लांबीचा पाईप धरलेला आहे. तात्पुरत्या कामालाही सळई जितकी खोल जाईल तितकी न्यावी. देशावरच्या मुरमात आणि खाली लागणाऱ्या काळ्या खडकात ती सहजी जात नाही, म्हणून बांधाजवळची, विहिरीच्या किंवा पाटाच्या कडेची ओल असलेली जागा शोधावी. कोकणातला कोरडा जांभा तर फारच वाईट वाहक आहे. सळईभोवती पाणी ओतावे आणि उन्हाळ्यात ते दिवसातून दोनदा तरी ओतत राहावे. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या सुरक्षाविषयक नियमांनुसार जनरेटरच्या सांगाड्याला दोन स्वतंत्र अर्थ जोडण्या लागतात, तेव्हा एका सळईवर समाधान मानू नये.

मात्र सळई ठोकली म्हणजे काम झाले, असा समज करून घेऊ नये. समजा, कोरड्या मुरमात त्या सळईचा रोध २० ओहम आहे. एखाद्या यंत्राचा फेज त्याच्या धातूच्या अंगाला लागला आणि प्रवाह जमिनीतून परतू लागला, तरी २३० भागिले २० म्हणजे साडेअकराच अँपिअर वाहतील. १६ अँपिअरचा एमसीबी त्याने पडणार नाही, आणि यंत्राचे अंग जिवंत राहील. म्हणून दोन गोष्टी आणखी लागतात: यंत्रापासून जनरेटरपर्यंत अखंड हिरवी (अर्थिंगची) तार, आणि ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी. जाणारा आणि येणारा प्रवाह यांत ३० हजारांश अँपिअरचा फरक पडला तरी हा आरसीसीबी वीज तोडतो, म्हणजे हृदयाचे ठोके बिघडवू शकणारा प्रवाह शरीरातून वाहत राहण्याआधीच तोडतो.

इथेच नवख्या माणसाला न दिसणारी एक खोच आहे. बऱ्याच लहान पेट्रोल जनरेटरमध्ये न्यूट्रल (प्रवाह परत येण्याच्या तारेचे टोक) सांगाड्याला जोडलेले नसते. ते तरंगते असते. अशा जनरेटरवर फेजला हात लागला तर प्रवाहाला परतण्याचा मार्गच नसतो, म्हणून पहिल्या दोषाला शॉक बसत नाही आणि सगळे ठीक आहे असे वाटते. पण त्याच कारणाने आरसीसीबीही पडत नाही. पहिला दोष कोणाला कळत नाही, तो तसाच राहतो, आणि दुसऱ्या यंत्रात दुसऱ्या तारेवर दोष आला की दोन यंत्रांच्या अंगांमध्ये पूर्ण २३० व्होल्ट उभे राहतात. त्यातच आरसीसीबीवरचे ‘टेस्ट’ बटण दाबले तर तो पडतो, कारण ते बटण आतल्या आतच फरक निर्माण करते. बाहेरची अर्थ जोडणी आहे की नाही हे ते तपासतच नाही. बटणाने आरसीसीबीची यंत्रणा जिवंत असल्याचे कळते, एवढेच.

यावर उपाय असा की एकाहून जास्त यंत्रे चालवायची असतील तर जनरेटरवरच, आरसीसीबीच्या अलीकडे, न्यूट्रल आणि सांगाडा एका जोडतारेने जोडावेत. ही जोडणी पूर्ण व्यवस्थेत एकाच ठिकाणी असावी. आरसीसीबीच्या पुढे कुठेही न्यूट्रल आणि अर्थिंग एकत्र आले तर आरसीसीबी विनाकारण पडत राहील, आणि मग कोणीतरी त्याला बाजूला सारून थेट वायर जोडेल. आपल्या जनरेटरचे न्यूट्रल तरंगते आहे का, हे बंद स्थितीत मल्टिमीटरने न्यूट्रल पिन आणि सांगाडा यांच्यातला रोध मोजून कळते. जोडतार लावण्यापूर्वी निर्मात्याची पुस्तिका पाहावी, कारण काही जनरेटरच्या वाइंडिंगचा मध्यबिंदू आतच सांगाड्याला जोडलेला असतो आणि तिथे अशी जोडणी केली तर वाइंडिंग जळेल. हे काम इलेक्ट्रिशियनकडूनच करून घ्यावे.

वेल्डरच्या भाषेत ‘अर्थिंगची वायर’ म्हणजे मशीनपासून कामाच्या लोखंडाकडे जाणारी क्लॅम्पची केबल. तिचा सुरक्षेच्या अर्थिंगशी संबंध नाही. हा क्लॅम्प जिथे वेल्ड चालू आहे त्याच तुकड्याला, जितका जवळ लावता येईल तितका जवळ लावावा. दूरच्या कॉलमला लावला तर वेल्डिंगचा शंभर-सव्वाशे अँपिअर प्रवाह वाटेत सापडेल त्या मार्गाने, कधी ग्राइंडरच्या हिरव्या तारेतूनही परत येतो आणि ती तार आतून जळते. वरून काहीच दिसत नाही.

चौथी पायरी: बोर्ड, एमसीबी आणि केबल

जनरेटरच्या सॉकेटमधून थेट चार एक्सटेंशन काढू नयेत. एक छोटा वितरण बोर्ड करावा: येणाऱ्या बाजूला मुख्य स्विच, आणि प्रत्येक यंत्रासाठी स्वतंत्र एमसीबी आणि आरसीसीबी. स्वतंत्र आरसीसीबीचा फायदा असा की कोणत्या यंत्रात दोष आहे ते लगेच कळते आणि बाकीचे काम थांबत नाही.

एमसीबी निवडताना लेखाच्या सुरुवातीला सांगितलेली दुसरी उणीव आठवावी. बाजारात सहज मिळणारा ‘सी’ प्रकारचा ३२ अँपिअरचा एमसीबी तत्काळ पडण्यासाठी १६० ते ३२० अँपिअर लागतात. ५ केव्हीएचा जनरेटर शॉर्ट सर्किटमध्येही फार तर तिप्पट, म्हणजे ६५ अँपिअरच्या आसपास देऊ शकतो. कित्येक लहान जनरेटर तेवढेही टिकवत नाहीत. म्हणजे तो एमसीबी तिथे असून नसल्यासारखा आहे. ‘बी’ प्रकारचा १६ अँपिअरचा एमसीबी ४८ ते ८० अँपिअरवर तत्काळ पडतो, म्हणून लहान जनरेटरवरच्या हत्यारांना तो जास्त योग्य. कटिंग मशीनच्या झटक्याने तो कधी पडेल. पण म्हणून मोठा एमसीबी बसवण्यापेक्षा मोठा जनरेटर घ्यावा.

केबल तांब्याची, दुहेरी आवरणाची, सिंगल-फेजला तीन कोरची आणि थ्री-फेज पंपाला अर्थसह चार कोरची असावी. मंडपात वापरतात तशी पिळलेली दोन तारांची वायर जड यंत्राला चालत नाही, कारण तिच्यात हिरवी तारच नसते. जाडी ठरवताना अंतर धरावे. वेल्डिंगचा २० अँपिअर प्रवाह ५० मीटर लांब केबलमधून नेताना १.५ चौरस मिमीच्या तारेत सुमारे २७ व्होल्ट, २.५ मध्ये १६ व्होल्ट आणि ४ मध्ये १० व्होल्ट वाटेतच जातात. म्हणून ५० मीटरसाठी ४ चौरस मिमी घ्यावी; खर्च जास्त वाटतो, पण ही केबल पुढे वर्षानुवर्षे कामाला येते. केबलचे बंडल पूर्ण उलगडावे. ड्रमवर गुंडाळलेल्या केबलमध्ये उष्णता कोंडते आणि क्षमतेच्या निम्म्या प्रवाहालाही आतले थर वितळू शकतात.

जोडणीसाठी घट्ट बसणारे इंडस्ट्रियल प्लग आणि सॉकेट वापरावेत: २३० व्होल्टसाठी निळे तीन पिनांचे, ४१५ व्होल्टसाठी लाल पाच पिनांचे. सोललेल्या तारा सॉकेटच्या भोकात खुपसून आगकाडीने दाबून बसवण्याची पद्धत अनेक साईटवर सर्रास दिसते. त्या जोडणीत अर्थ नसतो, तार हलली की ठिणगी पडते, आणि कोणाचा पाय अडकला तर जिवंत टोके मोकळी जमिनीवर पडतात. आपल्या कामावर हे होऊ देऊ नये, वेल्डर कितीही अनुभवी असला तरी.

केबल वाटेवरून जात असेल तर बांबूवर उंच बांधावी किंवा पाईपमधून न्यावी. ट्रॅक्टरच्या चाकाखाली एकदा आलेली केबल वरून धड दिसली तरी तपासल्याशिवाय वापरू नये. जोड द्यावाच लागला तर तो ओल्या गवतात, पाटात किंवा चिखलात पडणार नाही अशा जागी घ्यावा.

पाचवी पायरी: आधीची जोडणी असलेल्या पंपाला जनरेटर लावणे

पंपाला महावितरणची जोडणी आहे आणि फक्त वीज नसताना जनरेटर लावायचा आहे, अशा वेळी धोका आपल्या शेतापुरता राहत नाही. जनरेटरची वीज मेन स्विचमधून उलटी लाईनवर गेली तर रोहित्र तिलाही उलटे वाढवते: ४१५ व्होल्टचे ११ हजार होतात. फीडर बंद आहे या भरवशावर खांबावर चढलेल्या वायरमनचा जीव त्याने जातो. ‘मी कटआउट काढून ठेवतो’ किंवा ‘मेन स्विच पाडतो’ एवढ्यावर हे सोपवता येत नाही, कारण एके दिवशी कोणीतरी विसरतो. दोन्ही टोकांना पिन असलेली वायर करून घरातल्या सॉकेटमधून उलटी वीज देण्याचा प्रकारही याच जातीचा आहे. त्यात वर मोकळ्या पिनांवर वीज उघडी असते. अशी वायर कोणी बनवून मागितली तर देऊ नये.

योग्य मार्ग एकच: चेंजओव्हर स्विच. थ्री-फेजला चार पोलचा आणि सिंगल-फेजला दोन पोलचा घ्यावा, म्हणजे फेजबरोबर न्यूट्रलही बदलले जाते आणि दोन पुरवठे कधीच एकत्र येऊ शकत नाहीत. त्याचा दांडा ‘महावितरण’, ‘बंद’ आणि ‘जनरेटर’ अशा तीन जागांवर फिरतो. तो परवानाधारक कंत्राटदाराकडून बसवून घ्यावा आणि महावितरणच्या स्थानिक कार्यालयाला तशी कल्पना द्यावी.

चेंजओव्हर बसल्यावर तीन गोष्टी तपासाव्यात. पहिली, ऑटो स्विच. रात्री वीज आली की पंप आपोआप चालू व्हावा म्हणून अनेक स्टार्टरना तो लावलेला असतो. जनरेटर सुरू होताच, इंजिनाचा वेग अजून स्थिरही झालेला नसताना हाच स्विच मोटर चालू करतो. व्होल्टेज कोसळतो, कॉन्टॅक्टर कडकड वाजत चिकटतो-सुटतो आणि मोटर जळते. जनरेटरवर चालवताना ऑटो स्विच बंद करून स्टार्टर हातानेच दाबावा. दुसरी, कपॅसिटर. पॉवर फॅक्टर सुधारण्यासाठी पंपाला लावलेला कपॅसिटर महावितरणच्या लाईनवर उपयोगी असतो, पण लहान जनरेटरच्या एव्हीआरला तो गोंधळात टाकतो आणि व्होल्टेज भलताच वाढू शकतो. जनरेटरवर तो सर्किटबाहेर ठेवावा. सिंगल-फेज मोटरचा चालू होण्याचा कपॅसिटर वेगळा, तो काढायचा नसतो.

तिसरी गोष्ट म्हणजे फेजचा क्रम. जनरेटरचा क्रम उलटा असेल तर सबमर्सिबल पंप उलटा फिरतो, पाणी येते पण फार कमी, आणि बोअरमध्ये असल्यामुळे डोळ्यांना काही दिसत नाही. पाण्याची धार नेहमीपेक्षा बारीक वाटली तर पंप बंद करावा, जनरेटर बंद करावा, जनरेटरच्या बाजूच्या कोणत्याही दोन फेज अदलाबदल कराव्यात आणि पुन्हा पाहावे. बदल चेंजओव्हरच्या अलीकडे, जनरेटरच्याच बाजूला करायचा, नाहीतर वीज आल्यावर पंप महावितरणवर उलटा फिरेल.

सहावी पायरी: सुरू करणे, चालवणे, बंद करणे

इंजिन तेल आणि इंधन पाहून, बोर्डावरचे सगळे एमसीबी पाडलेले असतानाच जनरेटर सुरू करावा. तीन-चार मिनिटे मोकळा चालू द्यावा. मग व्होल्टेज आणि फ्रिक्वेन्सी पाहावी: भाराशिवाय २३० च्या आसपास व्होल्ट आणि ५१-५२ हर्ट्झ दिसले तर ठीक, कारण साध्या गव्हर्नरच्या (वेग आवरणाऱ्या यंत्रणेच्या) इंजिनावर भार आला की वेग थोडा उतरून ५० च्या आसपास येतो. फ्रिक्वेन्सी ४८ च्या खाली जात असेल तर भार जास्त आहे किंवा इंजिन कमजोर आहे. त्यानंतर आरसीसीबीचे बटण दाबून पाहावे.

भार एकेक करून, सगळ्यात मोठा झटका देणारे यंत्र आधी, या क्रमाने चढवावा. पंप आणि दिवे दोन्ही असतील तर आधी पंप. प्रत्येक यंत्र चालू झाल्यावर क्लॅम्प मीटरने प्रवाह मोजून कागदावरच्या हिशेबाशी ताडून पाहावा. थ्री-फेजवर तिन्ही फेजचे आकडे घ्यावेत, आणि एका फेजवर बाकीच्यांपेक्षा बराच जास्त भार असेल तर सिंगल-फेज यंत्रे दुसऱ्या फेजवर हलवावीत. सबमर्सिबल पंप बंद पडल्यास लगेच पुन्हा दाबू नये. पाईपमधला पाण्याचा स्तंभ खाली उतरताना मोटर उलटी फिरत असू शकते. दोन मिनिटे थांबावे.

कामाच्या पहिल्या अर्ध्या तासात प्लग, जोड आणि केबल हाताच्या मागच्या बाजूने चाचपावेत. कोमट लागले तर चालेल. हात ठेववत नसेल तर जोड सैल आहे किंवा केबल बारीक आहे. आरसीसीबी वारंवार पडत असेल तर एकेक यंत्र काढून दोषी शोधावा आणि तेच बाजूला ठेवावे. बोअरच्या केबलचा पाण्यातला जोड भिजलेला असणे हे याचे नेहमीचे कारण असते आणि ते मेगरने (तारेच्या आवरणाचा रोध मोजणाऱ्या उपकरणाने) तपासता येते.

इंधन भरताना भार उतरवावा, इंजिन बंद करावे आणि दहा-पंधरा मिनिटे थंड होऊ द्यावे. वेल्डरची घाई असते, कामाची लय मोडते, हे खरे आहे; पण तापलेल्या सायलेन्सरवर पेट्रोल सांडले तर सावरायला वेळ मिळत नाही. टाकीचा हिशेब करून जेवणाच्या सुट्टीतच इंधन भरले तर अडचण येत नाही. बंद करताना क्रम उलटा: आधी यंत्रे, मग एमसीबी, मग तीन-चार मिनिटे मोकळे चालवून इंजिन.

जनरेटरजवळ नेहमी असा एक माणूस असावा ज्याला मुख्य स्विच आणि इंजिन बंद करण्याची कळ कुठे आहे ते माहीत आहे. कोणाला शॉक बसून तो यंत्राला चिकटला तर त्याच्या अंगाला हात लावायचा नाही. आधी वीज तोडायची. ती तोडता येत नसेल तरच कोरड्या लाकडाने किंवा बांबूने तार दूर सारायची. मग श्वास पाहायचा, श्वास नसेल तर छातीच्या मधोमध दोन्ही हातांनी मिनिटाला १०० ते १२० वेळा दाब देत राहायचे आणि दुसऱ्याने १०८ ला फोन करायचा. माणूस उठून बसला आणि ‘काही झाले नाही’ म्हणाला, तरी त्याला त्याच दिवशी डॉक्टरकडे न्यावे, कारण शॉकचा हृदयावरचा परिणाम काही तासांनीही दिसू शकतो.